आत्याबाईंचं रक्त

आमच्या सासरी रक्ताच्या गप्पांची लय हौस. थोरले दीर बोलायला उभे राहिले की पहिलं वाक्य रक्ताचं आणि शेवटचंही रक्ताचंच. निजामाचं राज्य गेलं तेव्हापासून सेलूत जिथं म्हणून सभा असेल तिथं ते टोपी सारखी करून उभे राहायचे आणि ‘या मातीसाठी रक्ताचा शेवटचा थेंब देऊ’ म्हणायचे. खऱ्या धामधुमीच्या दिवसांत ते आजोळी कडब्याच्या गंजीमागं बसून होते, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक. पण भर सभेत गंजीचा विषय कोण काढणार?

मामंजी, म्हणजे माझे सासरे, जुन्या राज्यात तहशिलीत साहेबापुढं कागद ठेवणारे पेशकार होते. राज्य गेलं, नोकरी गेली, पेशकारी मात्र अंगातून गेली नाही. घरातलं मीठ संपलं असं सांगितलं तरी ते डोळे मिटून म्हणायचे, ‘बेशक. गौर करतो.’ म्हणजे, विचार करतो. ते गौर करेपर्यंत आम्ही शेजारून वाटीभर मीठ आणून भाजी उतरवलेली असायची.

माझं माहेर वालूरचं. सासू म्हणजे माझी सख्खी आत्या, वडिलांची पाठची बहीण. आमच्याकडं आत्याच्या पोरानं मामाची पोरगी करायची रीतच आहे. ह्यांची मी आधी मामेबहीण होते, मग बायको झाले. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. उलट ‘घरचं घरात राहिलं’ म्हणून चार माणसांनी वाखाणलं. एवढं ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

लग्न झालं आणि वर्षाच्या आत वडील गेले. आई तर त्याआधीच गेली होती, भाऊ नव्हता. वालूरच्या घराला कुलूप लागलं. मग माहेर म्हणायला आत्याच उरली, आणि तीच सासू. म्हणजे सासूनं छळलं तर माहेरी जाऊन रडायचं ते तिच्याच पदरात. लहानपणी मी तिला ‘आत्या’ म्हणायचे, लग्नानंतर ‘आत्याबाई’ म्हणायला लागले. तिचं तोंड म्हणजे तोंड नव्हतं, कापसाचं चालू जिनिंग होतं. आणि मीही तोंडाची काही कमी नव्हते. आमच्या दोघींची सकाळ चुलीपाशी सुरू व्हायची आणि शेजारणी आपापली कामं परसदारी घेऊन ऐकत बसायच्या.

आम्ही हैदराबाद राज्यातून सुटून नुकतेच मुंबई राज्यात गेलो होतो, त्या सुमाराला माझी पोरगी झाली. बाळंतपणात अंगावरून इतकं गेलं की सुईणीनं दोनदा देवाचं नाव घेतलं. मी वाचले, पण उठून बसले की डोळ्यांपुढं अंधारी यायची. नखं पांढरी, ओठ पांढरे, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली तर आत कागद. ह्यांनी म्हणून बघितलं की परभणीच्या डॉक्टरला दाखवू. हे शाळामास्तर. सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं आणि आता पोरांना मराठीतून शिकवायचं, त्यामुळं त्यांना स्वतःच्या कुठल्याच वाक्याचा भरवसा नव्हता. मामंजींनी ‘गौर करतो’ म्हटल्यावर हे गप्प बसले.

गौर करून मामंजींनी आणला गंगाखेडचा वैद्यराज.

हा गृहस्थ जुन्या राज्यात स्वतःला हकीम म्हणवायचा. दारावर उर्दू पाटी, डोक्याला फरची टोपी. राज्य बदलल्यावर त्यानं पाटी उतरवून मराठी पाटी चढवली, टोपी पेटीत ठेवून जरीचं उपरणं घेतलं आणि वैद्यराज झाला. बाटल्या त्याच होत्या. मामंजींचा त्याच्यावर फार भरवसा, कारण तो एका जुन्या तहशीलदाराच्या पदरी होता. तहशीलदाराचं पुढं काय झालं ते मात्र कुणी सांगत नव्हतं.

त्यानं माझी नाडी बराच वेळ धरली आणि मान हलवली. ‘रक्त कमी नाही,’ म्हणाला, ‘रक्त नासलंय. नासलेल्या दुधात ताजं दूध ओतलं तर काय होतं?’

‘तेबी नासतं,’ मामंजी म्हणाले.

‘तसंच. आधी जुनं रक्त जाळून काढावं लागंल. रान भाजल्याशिवाय नवं पीक धरत न्हाई.’

काय सांगू, सगळ्या घराला ते इतकं पटलं! मलाही पटलं, खोटं कशाला बोलू. रान भाजलेलं मी बघितलं होतं. एवढंच सुचलं नाही की रान भाजताना शेतकरी त्यात झोपलेला नसतो.

पुड्या सुरू झाल्या. राखाडी भुकटी, चिमटीभर, मधातून. रोज सकाळी आत्याबाई स्वतः बोटानं चाटवायच्या. ‘गिळ गं पोरी, तोंड वाकडं करू नकोस, तुझ्या बापानंबी कधी औषध सुधं घेतलं न्हाई.’ आधी तोंडाला पैशाची चव यायला लागली, तांब्याचा पैसा जिभेखाली ठेवल्यासारखी. मग हिरड्या सुजल्या. लाळ थांबेना. जिभेवर, गालात आतून फोड आले, पाण्याचा घोटसुद्धा जाळत जायचा. पोटात कळा. आणि एक दिवस आत्याबाई वेणी घालायला बसल्या तर केसांचा अख्खा पुंजका त्यांच्या हातात आला.

वैद्यराजाला बोलावणं गेलं. त्यानं केस बघितले, फोड बघितले आणि हात जोडले.

‘औषध लागू पडलं!’

झालं, घरात आनंदीआनंद. मी जितकी खंगत जाईन तितकं औषध लागू पडत होतं. दात हलायला लागला, तेव्हा मामंजींनी वैद्यराजाला शेला दिला. थोरले दीर भेटायला येणाऱ्यांना माझं उघडं पडलेलं डोकं हौसेनं दाखवायचे, ‘बघा, जहर कसं बाहेर पडायलंय.’ रोगापेक्षा इलाज भारी म्हणतात ना, ते मी अंगानं शिकले. आणि माझं दुर्दैव असं की बोलता येत नव्हतं. जिभेवर फोड. आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात माझा आवाज बंद होता आणि नेमकं तेव्हाच बोलायची खरी गरज होती.

त्यात ह्यांची एक लांबची चुलती ‘सहज’ भेटायला आली, सोबत लग्नाची पुतणी घेऊन. आजाऱ्याला भेटायला कुणी मोसंबी आणतं, कुणी शहाळं आणतं. हिनं पोरगी आणली. तिनं स्वयंपाकघर बघितलं, माळवदावर जाऊन आली, आणि जाताना आत्याबाईंना हळूच म्हणाली, ‘तान्ही पोर हाय, तुझ्या पोराच्या दुसऱ्या लग्नाचा विचार करायलाच लागंल की आता.’

आत्याबाईंनी तिचं पायताण उचलून अंगणात फेकलं. ‘माझी सून अजून श्वास घ्यायलीय. तिचा श्वास मोजायला तुला कुणी बोलीवलं? चल नीघ!’

तो दिवस मला लखलखीत आठवतो. आत्याबाई परत आत आल्या, माझ्या उशाशी बसल्या आणि त्या दिवसाची पुडी त्यांनी हातात घेतली. बराच वेळ तिच्याकडं बघितलं. मग उठल्या, ती पुडी चुलीत टाकली आणि ह्यांना म्हणाल्या, ‘मास्तर, गाडीची वेळ बघा. परभणीला जायचं.’ मामंजी आतून म्हणाले, ‘मी अजून गौर...’ त्या म्हणाल्या, ‘तुमी बसा गौर करत. आमी जायलाव.’

परभणीला स्टेशनापासून जवळच त्या डॉक्टरांचा दवाखाना होता. वरांडा, पुढं कडुनिंब, आत दोन खाटा. डॉक्टर तरुण होते, पुण्याकडचे, बोलणं छापील. त्यांनी माझं तोंड उघडून बघितलं, डोक्यावरून हात फिरवला, नखं बघितली आणि विचारलं, ‘पारा कुणी दिला?’

आत्याबाईंनी आपलं बोट पदरात गुंडाळलं.

‘पारा आणि सोमल. सोमल म्हणजे काय माहीत आहे ना? उंदीर मारायचं विष.’

मग त्यांनी जे सांगितलं ते मला तेव्हा अर्धंच कळलं. रक्त काळजात तयार होत नाही, पोटात होत नाही, हाडांच्या नळ्यांत मगज असतो तिथं होतं. बाळंतपणात रक्त गेलं ते त्या मगजानं हळूहळू भरून काढलं असतं. पण विषानं मगजच भाजून निघाला. ‘आता तो जागा होईल की नाही हे मला सांगता येत नाही,’ डॉक्टर म्हणाले. ‘पण तो जागा होईपर्यंत ही जगली पाहिजे. आणि त्यासाठी दुसऱ्या कुणाचं तरी रक्त तिच्या अंगात घालावं लागेल. आजच्या आज. कोण देतंय?’

तोवर मामंजी, थोरले दीर सगळेच मागच्या गाडीनं आले होते. आमच्या घरचे भटजीही होते, ते कोर्टाच्या तारखेला परभणीत आलेले, चहाला म्हणून दवाखान्यात टेकले होते. वरांड्यात मी पडलेली, आणि माझ्या कानाशी ती सगळी बैठक भरली. जीव माझा जायला लागला होता आणि चर्चा त्यांची रंगली होती.

डॉक्टरांनी आधी थोरल्या दिरांकडं बघितलं. धिप्पाड माणूस, लाल गाल. शेवटच्या थेंबाचे मालक. ते एकदम खोकले. म्हणाले, ‘माझं रक्त जरा उष्ण आहे. तिला सोसायचं न्हाई.’

‘रक्त तपासूनच घेतो,’ डॉक्टर म्हणाले.

‘ते ठीक. पण परवा आमची सभा आहे, अध्यक्ष मी आहे.’

देशासाठी शेवटचा थेंब द्यायला निघालेला माणूस, भावजयीसाठी पहिल्याच थेंबाला अडला. मला बोलता येत नव्हतं हे त्यांचं नशीब.

मामंजी म्हणाले, वय झालं, शिवाय अशा गोष्टीला काही कायदा, काही दस्तूर असेल तो आधी बघावा. हे मात्र उठले. बाही वर केली. ‘माझं घ्या,’ म्हणाले.

आणि मामंजी ओरडले, ‘खबरदार!’

सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. मामंजींनी आवाज खाली आणला, तहशिलीत बोलायचे तसा. ‘नवऱ्याचं रक्त बायकोच्या अंगात गेलं, म्हणजे दोघं एका रक्ताचे झाले की न्हाई? एका रक्ताचे म्हणजे भाऊबहीण. मग लग्न कुठं राहिलं? पुढं पोरं होतील ती कुणाची म्हणायची? भटजी, तुमीच सांगा.’

भटजींना असला प्रश्न उभ्या जन्मात कुणी विचारला नव्हता. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. डोळे मिटले. म्हणाले, ‘सगोत्राचा दोष येतो खरा.’

हसावं का रडावं! सख्ख्या मामाची पोरगी बायको म्हणून आणली तेव्हा ह्यांच्या घरात दोष शिरला नाही. एका आजीच्या कुशीतून दोन्ही घरं निघालेली, तेव्हा दोष कुठं उन्हाळ्याच्या सुट्टीवर गेला होता? आणि आता नळीतून चार वाट्या रक्त जाणार तर लग्न मोडणार! मला ओरडून सांगायचं होतं की अहो, गोत्र तर सप्तपदीलाच बदललं, आता त्याचं काय उरलंय. पण जिभेवर फोड. नुसती लाळ गळाली. मामंजी म्हणाले, ‘बघा, तिलाबी पटायलंय.’

डॉक्टर मात्र ह्यांच्या बोटाला सुई टोचून मोकळे झाले होते. काचेच्या पट्टीवर थेंब घेतला, माझ्या रक्ताशी बघितला आणि मान हलवली. ह्यांचं मला चालणार नव्हतं. हे वरांड्याच्या खांबाला धरून लहान पोरासारखे रडले. मामंजींनी मात्र देवाला हात जोडले. लेकाचं लग्न वाचलं ना!

आत्याबाई इतका वेळ पायरीवर बसून होत्या, माझी पोरगी मांडीवर. त्यांनी पोरगी ह्यांच्या हातात दिली, उठल्या आणि डॉक्टरांपुढं हात केला.

‘माझं बघा.’

‘अहो, पण,’ भटजी म्हणाले.

‘तुमी गप बसा. मी काय ह्यांच्या रक्ताची न्हाई. मी वालूरची. माझ्या बापाचं रक्त माझ्यात, तेच माझ्या भावात, तेच हिच्यात. माहेरचं माहेरी जायलंय. तुमच्या गोत्राला कुठं धक्का लागला? सांगा की!’

भटजींनी बशी उचलली. बशी रिकामी होती, तरी उचलली.

‘आन आणखी एक सांगते,’ आत्याबाई म्हणाल्या, आता मामंजींकडं बघून. आवाज फुटला होता त्यांचा. ‘ते विष मी चाटवलंय तिला. ह्या बोटानं. माझ्या भावाची एकुलती एक पोर.’

मी आत्याबाईंना कधी रडताना बघितलं नव्हतं. त्यावेळीही नीटसं बघता आलं नाही, माझ्याच डोळ्यांत पाणी आलेलं. फार राग होता माझा तिच्यावर त्या पुड्यांपायी. तो त्या क्षणी गेला. परत आला, पण त्या क्षणी गेला.

डॉक्टरांनी त्यांचा थेंब बघितला आणि पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर हसू दिसलं. ‘चालतंय. ह्यांचं रक्त असं आहे की ते कुणालाही चालतं.’

‘चालंल न्हाई तर काय,’ आत्याबाई म्हणाल्या आणि खाटेवर आडव्या झाल्या.

रक्त गेलं त्या संध्याकाळी मला हुडहुडी भरली, ताप आला, आणि मग गाढ झोप लागली. पण डॉक्टरांनी बजावलं होतं की ही नुसती सवड आहे. बाहेरचं रक्त आज आहे, काही महिन्यांनी संपेल. तोवर हाडांतला मगज जागा झाला तर बरं, नाही तर परत तेच. आम्ही परभणीत भाड्याच्या खोलीत राहिलो. रोज सकाळी आत्याबाई मला उन्हात बसवायच्या, डोळ्याची पापणी ओढून बघायच्या, नखं दाबून बघायच्या. मी डोळ्यांनीच विचारायचे, ‘काय?’ त्या म्हणायच्या, ‘काय न्हाई. गप बस.’ मला मरायचं नव्हतं. पोरगी नुकती हसायला लागली होती, मला ओळखून हसायची, आणि मला तिचं लग्नाचं वय बघायचं होतं. देवाला नवस बोलायलाही तोंड उघडत नव्हतं, मनातल्या मनात बोलले.

फोड हळूहळू भरले. डोक्यावर मऊ लव आली, तान्ह्या पोराच्या जावळासारखी. आणि एक दिवस आत्याबाईंनी पिठलं केलं, मी पहिला घास घेतला आणि म्हणाले, ‘आत्याबाई, मिठाचं बोचकं उलटं झालं होतं का काय?’

त्या थबकल्या. ‘काय म्हणलीस?’

‘न्हाई, म्हणलं समुद्र आटवून आणला का काय.’

‘अगं बया!’ त्यांनी पळी खाली टाकली आणि अंगणात जाऊन घरमालकिणीला हाक मारली. ‘अवो बाई, रक्त धरलं बरं का! रक्त धरलं! माझ्यासारखी बोलायली!’ आणि त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले. सून उलटून बोलली म्हणून पेढे वाटणारी सासू त्या मुलखात दुसरी झाली नसेल.

सेलूला परत आलो तर माझं वाचणं वाटून घ्यायला माणसं तयार होती. गंगाखेडहून वैद्यराजाचा निरोप आला, ‘जुनं जाळलं म्हणूनच नवं धरलं.’ पुढं तो गिऱ्हाइकांना माझंच उदाहरण द्यायचा म्हणे. थोरले दीर सभेत म्हणाले, ‘आमच्या घराण्यानं रक्त दिलेलं आहे.’ टाळ्या पडल्या. मामंजींनी ‘वेळीच योग्य हुकूम दिला म्हणून’ असं चार लोकांत सांगितलं. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय. आत्याबाई तेवढ्या गप्प. त्या फक्त माझ्यावर हक्क सांगायच्या. माझी पुरणपोळी चांगली झाली, ‘माझं रक्त हाय.’ मी हट्टानं शाळेच्या बायकांच्या वर्गात जाऊन वाचायला शिकले, ‘माझं रक्त हाय.’ हातून दूध उतू गेलं की मात्र ‘आईवर गेलीस.’

सहा-आठ महिन्यांनी मी परत डॉक्टरांना दाखवायला गेले, तेव्हा ते खूश होऊन म्हणाले, ‘सासूबाईंचं रक्त केव्हाच संपलं. आता तुमच्या अंगात आहे तो थेंबन्‌थेंब तुमचा स्वतःचा.’ मी बाहेर आले. आत्याबाई कडुनिंबाखाली पोरीला खेळवत बसल्या होत्या. ‘काय म्हणले?’

‘समदं ठीक हाय म्हणले.’

‘असणारच. रक्त कुणाचं हाय!’

मी काही बोलले नाही. का बोलावं? आई नाही, बाप नाही, वालूरच्या घराला कुलूप, आणि जगात एक बाई आहे जी मला ‘माझं रक्त’ म्हणते. बोलू दे की. त्यानं माझं काही जात नव्हतं.

महाराष्ट्र झाला त्या उन्हाळ्यानंतरची गोष्ट. सेलूत झेंडे लागले होते, थोरल्या दिरांची भाषणं दिवसाला दोन व्हायला लागली होती. आत्याबाईंच्या पोटात दुखायचं, पण त्या सांगायच्या नाहीत. सगळ्यांची ताटं झाली की त्या उरलंसुरलं तिखट कालवण घ्यायच्या आणि वर ताक प्यायच्या, की दुखणं थांबलं. एक दिवस आडावर त्या रक्त ओकल्या. काळं, गोठलेलं. पोहरा हातातच होता.

आम्ही त्यांना त्याच गाडीनं त्याच डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांच्या कानाशी आता थोडे पांढरे केस आले होते. पोटात व्रण फुटलाय, म्हणाले, रक्त आतून जातंय, आधी रक्त पाहिजे. आणि या वेळी, खरं सांगते, कुणी मागं सरलं नाही. माणसाचं वाईटच तेवढं सांगू नये. थोरल्या दिरांनी सगळ्यांत आधी बाही सारली, सभा-बिभा काही नाही. ह्यांनी सारली. मामंजी काठी टेकत पुढं आले आणि म्हणाले, ‘माझं घ्या. गौर केलंय मी.’

आत्याबाई खाटेवरून क्षीण आवाजात ओरडल्या, ‘कुणाला टोचू नका उगं. हिच्यातलं काढा. माझंच हाय ते.’

मी हात पुढं केलाच होता. माझ्या मनात काडीची शंका नव्हती. उलट हौस होती, काय सांगू, फार हौस होती. डॉक्टरांनी थेंब काचेवर घेतला. बघितला. मग ह्यांचा घेतला, दिरांचा घेतला, मामंजींचा घेतला. कंपाउंडरचाही घेतला. मग काच खाली ठेवली.

‘नाही जमत.’

‘माझंच रक्त मला कसं जमत न्हाई?’ आत्याबाई म्हणाल्या.

डॉक्टर खाटेपाशी बसले. ‘आजी, तुम्ही दिलेलं रक्त तीन-चार महिन्यांतच संपलं. हिच्या अंगात आता हिचं आहे. तुमचं रक्त सगळ्यांना चालतं. पण तुम्हाला मात्र तुमच्यासारखंच लागतं, दुसरं चालत नाही.’

आत्याबाईंनी मान वळवून माझ्याकडं बघितलं.

‘तुला ठाऊक होतं?’

‘व्हय.’

‘मग इतके दिवस बोलली न्हाईस ती?’

‘तुमी बोलू दिलं तर बोलणार ना,’ मी म्हणाले. रडतच म्हणाले, पण तोंडातून तेच निघालं.

आणि आत्याबाई हसल्या. पोट धरून, कळ येत होती तरी हसल्या. ‘बघा डॉक्टर,’ म्हणाल्या. ‘आन तुमी म्हणायलेत, माझं न्हाई.’

डॉक्टरांनी गावात माणसं धाडली, ओळखीच्या घरांत विचारलं, औरंगाबादला तार केली. दिरांनी पेठेत जाऊन लोकांना हात जोडले. काही जण आलेही, थेंब देऊन गेले, जमलं नाही. कुणीतरी म्हणालं, वालूरला माणूस पाठवा, माहेरच्यांचं जमंल. पण वालूरला होतं कोण? आत्याबाईंचं माहेर म्हणजे मीच होते, आणि मी तिथं उशाशी, हात उघडा टाकून बसलेली होते.

आत्याबाई दिवस मावळायच्या आत गेल्या. माझा हात त्यांच्या हातात होता.

मामंजी पायरीवर जाऊन बसले, थोरले दीर भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. दिरांनी त्या दिवशी रक्ताबद्दल एक शब्द काढला नाही, नंतरही कधी काढला नाही. मी उठून पाणी घ्यायला गेले तर टेबलावर ती काचेची पट्टी तशीच होती. तिच्यावर आमचे सगळ्यांचे थेंब ओळीनं वाळले होते, नवऱ्याचा, दोन्ही लेकांचा, सुनेचा. एवढं मोठं घर, आणि तिला चालेल असं आमच्यात कुणाचंच नव्हतं.